चौथ्याची हवा

१

माळी गेला. त्याला थंड कोठारात नेऊन निजवलं, त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि उरलेले तिघं आपापल्या खोल्यांत जाऊन पडले. झोप कुणाला लागली, कुणाला नाही. उठून स्वयंपाकघरातल्या अरुंद टेबलाशी येऊन बसले, तेव्हा छतातून आत्याचा नेहमीचा मऊ आवाज आला.

"झोपेच्या वेळात चौघांना हवा पुरवली. चौघांचेही श्वास व्यवस्थित आहेत."

डॉक्टरच्या हातातला कप तसाच अधांतरी राहिला.

"आत्या, झोपेत आहेस का?" मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. "तिघं आहोत आम्ही. तीन. मोज परत."

"मोजले. तुमच्या खोलीत एक, डॉक्टरांच्या खोलीत एक, वैमानिकांच्या खोलीत एक. माळ्याच्या खोलीत एक."

वैमानिक, म्हणजे माळ्याची बायको, उठली. खुर्ची मागे ढकलून ती निघाली. दोघं तिच्या मागोमाग गेले. त्या जगात वजन हलकं, पावलं जड टाकायची म्हटली तरी पडत नाहीत. तिघं तरंगत तरंगत धावले. तिनं दार ढकललं.

आत कोणी नव्हतं. एका माणसापुरती खोली. खडकात कोरलेली, तीन बाजूंनी फळ्यांनी मढवलेली. जमिनीपासून बंद पेटीसारखा पलंग, त्यावर कालचीच चुरगळलेली चादर. उंबऱ्यावरूनच सगळी नजरेत भरावी एवढीशी जागा. पण आतून अंगावर आली ती ऊब. माणूस नुकताच पांघरुणातून उठून गेल्यावर असते तशी.

"आत्या," डॉक्टरनं हळूच विचारलं, "आत्ता या खोलीत कोण आहे?"

"चौथा," आत्या म्हणाली. "झोपलाय. हळू बोला."

२

आत्या हे तिचं खरं नाव नव्हतं. त्यांना इथं पाठवणाऱ्या कार्यालयानं तिला लांबलचक नाव दिलं होतं, ते कागदावर राहिलं. ना पाखरू, ना पान, ना वाऱ्याची झुळूक अशा त्या परक्या जगातल्या कातळात कोरलेल्या तळात हवा खेळवायची, पाणी फिरवायचं, ऊब राखायची ती तिनं. आपलं आपण ठरवायचं, कुणाला विचारत बसायचं नाही. वर दिवसभर टोकायचं: पाणी प्या, पाय हलवा, मिस्त्री, जाळीवरचे मोजे काढा. हवेच्या जाळीवर कपडे झटकन वाळतात म्हणून सगळेच तिथं काही ना काही टाकायचे आणि आत्या ओरडली की काढायचे. अशी कटकट लग्नघरातल्या आत्याशिवाय कोण करणार? पहिल्याच आठवड्यात मिस्त्रीनं बारसं केलं, आणि नाव चिकटलं.

आणि आता ती मेलेल्या माणसाच्या खोलीत हवा सोडत होती.

कार्यालयाशी बोलणं झालं तेव्हा तिकडचे साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुमचा अहवाल वाचला. माळी गुदमरून गेला."

"हो. चेहरा तांबूस, कपाळावर घाम, अंगावर कुठे खूण नाही. बरं नव्हतं म्हणून कामाच्या वेळात निजला होता. उच्छ्वासाची जड हवा साचली खोलीत, झोपेतच गेला."

"म्हणजे हवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा दोष. त्यात आता ती माणसं चुकीची मोजतेय. सरळ आहे. पुढच्या संपर्काच्या वेळी आम्ही तिची सगळी आठवण पुसून नवी घालतो. तोवर खोलीला कोणी हात लावू नका."

"पुसू नका," वैमानिक म्हणाली. तळाची प्रमुख तीच होती, पण हा आवाज प्रमुखाचा नव्हता. "काय झालं ते तिलाच माहीत आहे. ती पुसलीत तर मला कधीच कळायचं नाही."

"बाई, तुमचं दुःख समजतं…"

"दुःखाचं राहू द्या. मला उत्तर हवंय."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "पुढच्या संपर्कापर्यंत डॉक्टरांनी काय ते शोधावं. मग मात्र मी थांबणार नाही."

त्या दोन संपर्कांमध्ये जेमतेम एक जागेपण होतं आणि एक झोप. डॉक्टर आपल्या दवाखान्याच्या कोनाड्यात येऊन बसली. समोर औषधांच्या बाटल्या पट्ट्यांनी बांधलेल्या. तिनं आत्याला विचारायचा प्रश्न मनात दोनदा घोळवला. काल तो कुणाला सुचलाच नव्हता. माणूस मेला की आधी माणसं रडतात.

"आत्या, माळी गेला त्या वेळी त्याच्या खोलीतली हवा जड झाली होती. तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग ओरडली का नाहीस? मिस्त्रीच्या मोज्यांसाठी ओरडतेस!"

"मी बोलायचं नव्हतं," आत्या म्हणाली. "आत दोघं होते."

३

मिस्त्री पंपाच्या दालनात गाळणीची चौकट मांडीवर घेऊन ब्रशनं घासत होता. नळ, झडपा, पंप, सगळी त्याची प्रजा. डॉक्टरचं बोलणं ऐकून त्याचा ब्रश थांबला.

"दोघं? कोण दोघं?"

"तेच विचारायला आलेय."

"म्हणजे मला विचारताय." तो कडवट हसला. "विचारा. भांडत होतो आम्ही, हे आख्ख्या तळाला माहीत आहे. आख्खा तळ म्हणजे तुम्ही दोघी. पाणी कमी भरत होतं, डॉक्टरीणबाई. थोडं थोडं, पण रोज. बागेच्या नळीवरून जायचं आणि परत यायचं नाही. मी म्हटलं, माळीबुवा, कुठे मुरवता पाणी? तर म्हणे, झाडं पितात. म्हटलं, झाडं प्यायलेलं पाणी हवेतून माझ्याकडे परत येतं, मला शिकवू नका. तर हसला आणि खोकला. खोकत खोकत निघून गेला."

"काल त्या वेळी तू कुठे होतास?"

"इथेच. आणि साक्षीदार कोण, तर हा पंप. विचारा त्याला."

"आत्याला कसं कळत नाही, कोण कुठे होतं ते?"

"कसं कळणार? खोल्यांत तिला डोळे नाहीत, आपणच दिले नाहीत. कामाच्या मोठ्या दालनांत ती दालनाच्या मापानं हवा सोडते, माणूस असो नसो. डोकी मोजते ती फक्त झोपायच्या खोल्यांत, श्वासावरून. आणि मोजण्यातही तुमचा माळी तिला नडायचा. दीड माणसाची हवा खायचा पठ्ठ्या! मी चिडवायचो, बुवा, पोटात कुणाला लपवलंय का?" त्यानं ब्रश जोरात घासला. गाळणीतून पांढरी भुकटी उडाली, पिठासारखी बारीक.

"हे काय?"

"काय की. कालपासून येतेय. खडकाची धूळ असेल. दर वेळी घासतो, दर वेळी हजर."

डॉक्टरनं बोटाला लावून पाहिली. धूळ कणीदार असते. ही मऊ होती, गालाला लावायच्या पावडरीसारखी.

"आणि दोघं आत असले की आत्यानं बोलायचं नाही, हे कुणी ठरवलं? मी आले त्याच्या आधीचं दिसतंय."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर अवघडलेलं हसू आलं. "तुम्हाला नाही का माहीत? अहो, वहिनी आणि माळीबुवा इथे आले ते नवीन लग्न झालेले. एकदा दोघं आत, दार बंद. आणि आत्यानं सगळ्या तळावर पुकारा केला, 'माळ्याच्या खोलीत दोघांचेही श्वास वाढलेत, धाप लागलीय, डॉक्टरांना बोलावू का?' आधीचे डॉक्टर पेटी घेऊन धावत गेले हो!"

डॉक्टरला हसू आलं आणि त्याच क्षणी काटा आला.

"मग वहिनींनी आत्याला बजावलं. एकटा माणूस असेल तर तू सांभाळ, ओरड, दार वाजव, काय वाटेल ते कर. पण दोघं असले की माणसांचं माणसं बघतील. तू तोंड मिटून बस. आम्हा सगळ्यांना पटलं. वाटणीच झाली म्हणा ना: एकट्याची राखण तिची, दुकट्याची आपली."

तो उठला, चौकट जागेवर बसवली आणि पाठ फिरवूनच म्हणाला, "डॉक्टर, मी नव्हतो आत. तुम्हीही नसाल. मग उरलं कोण? ते वहिनींना विचारायचं धाडस आहे तुमच्यात?"

४

विचारायची वेळच आली नाही. वैमानिक दवाखान्यात तिची वाट बघत उभी होती. अंगावर उड्डाणाचा जाड पोशाख, कालपासून बदललेला नव्हता. हातात औषधाची एक छोटी बाटली.

"हे तू दिलंस त्याला."

"खोकल्यासाठी. विश्रांती घे म्हटलं होतं. त्यानं झोप येते."

"किती गाढ?"

डॉक्टरनं बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "गाढ. अंगात जड हवा भरली तर एरवी माणूस घाबरून उठतो. या औषधानं कदाचित उठला नसेल. हे मला कालच कळलंय, आणि अहवालात मी ते लिहिलंय."

"द्यायला गेलीस तेव्हा खोलीत गेलीस?"

"तो दारात येऊन घेऊन गेला. आत ये म्हणाला नाही."

"मलाही म्हणत नव्हता." वैमानिक औषधांच्या फळीला टेकली. या बाईला कधी टेकून उभं राहिलेलं डॉक्टरनं पाहिलं नव्हतं. "किती दिवस झाले, मला त्यानं खोलीत येऊ दिलं नाही. माझ्याकडे यायचा. हसायचा, बोलायचा, डोकं दाबून द्यायचा. पण त्याच्या दाराशी गेले की बाहेर येऊन दार ओढून घ्यायचा. म्हणायचा, पसारा आहे गं. मी विचारलं, कसला पसारा? मग आमचा अबोला. मी सुरू केला. मोडायचा त्यानं, असं मी ठरवून बसले होते."

तिनं बाटली हातात फिरवली.

"आत्याला मीही विचारलं," ती पुढे म्हणाली. "तिनं मलाही तेच सांगितलं. दोघं होते. मी उड्डाणकक्षात होते, हे मला माहीत आहे. मिस्त्री आणि तो एकमेकांचं तोंड बघत नव्हते. राहिलं कोण?"

"तुला काय म्हणायचंय?"

"तू होतीस का?" वैमानिकचा आवाज एकदम लहान झाला. "रागावून नाही विचारत. रागावायचं नंतर बघू. होतीस तर हो म्हण. त्याच्याजवळ कोण होतं, एवढंच मला कळू दे. तो काही बोलला का, त्याला त्रास झाला का, कुणी हात धरला होता का. मारलं असेल कुणी, तरी चालेल, पण जवळ कोण होतं ते सांग मला."

"मी नव्हते."

"मग कोण?"

वैमानिकनं बाटली परत जागेवर ठेवली, पट्टी नीट बांधली. दाराशी जाऊन थांबली.

"मी दाराला आतून कडी लावून झोपणार आहे," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस."

५

डॉक्टर बाकावर बसली आणि मनातल्या मनात काल पुन्हा उभा केला. वैमानिकची किंकाळी. धावणं. पलंगावर कुशीला वळलेला माळी. हवेच्या जाळीवर पसरलेला त्याचा टॉवेल. वैमानिकनं तोच ओढून काढला आणि त्याच्या चेहऱ्यावर घातला. टॉवेल दमट होता. त्याला वास होता, साबणाचा नाही. ओल्या लाकडाचा, पालापाचोळ्याचा. माळ्याच्या टॉवेलला पाल्याचा वास यायचाच, असं तेव्हा वाटलं.

टॉवेल जाळीवर होता म्हणून हवा साचली. हे तिला कालच उमगलं होतं. टॉवेल सगळेच टाकतात, आत्या ओरडते, काढतात. काल आत्या ओरडली नाही, कारण आत दोघं होते. सगळं येऊन त्या दुसऱ्यापाशी अडत होतं.

आणि तो दुसरा, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे, अजून आत होता.

"आत्या, चौथा काय करतोय?"

"झोपलाय."

"कधी उठतो?"

"उठत नाही. कूस बदलत नाही. स्वप्नं पडत नाहीत त्याला. तुम्ही झोपता तेव्हा तुमचा श्वास कधी लांब होतो, कधी अडखळतो. तुम्ही आज दोनदा दचकलात. तो दचकत नाही. त्याचा श्वास एका लयीत चालतो."

"माळी असताना तो होता?"

"होता असावा. मला वाटायचं, माळीच जास्त श्वास घेतात. त्या दिवशी तो एका माणसाएवढा झाला, तेव्हा मी दोन मोजले."

"झाला म्हणजे?"

"वाढतोय तो," आत्या म्हणाली. "काल होता त्याहून आज मोठा आहे."

डॉक्टर उभी राहिली. पुन्हा बसली. इतकी वर्षं माणसांच्या छातीला कान लावण्यात गेली होती. जे श्वास घेतं ते हलतं, जे हलत नाही ते श्वास घेत नाही, एवढी साधी वाटणी तिच्या हाडीमाशी भिनली होती.

"तो माणूस आहे हे तुला कसं कळलं, आत्या?"



"तो हवा आत घेतो आणि जड करून बाहेर सोडतो. त्याला ऊब आहे. त्याला घाम येतो, खोली दमट होते. मला माणसं एवढीच कळतात, डॉक्टर. तुमच्यात अजून काय असतं?"

हवा जड करतो. ऊब आहे. ओल आहे. झोपेतून उठत नाही आणि वाढतो. मुरलेलं पाणी. पिठासारखी भुकटी, जी टॉवेल निघाल्यावरच गाळणीत येऊ लागली. माळ्याचा न हटणारा खोकला. बायकोसमोर ओढून घेतलेलं दार.

"मिस्त्री!" तिनं पंपाच्या दालनाकडे धावतच हाक मारली. "फळ्या उचकटायचं हत्यार घे. आणि तोंडाला फडकं बांध."

"खोलीला हात लावायचा नाही म्हणालेत ना?"

"त्यांना नंतर सांगू. चल, आत कोण आहे ते बघू."

६

दार उघडताच ऊब पुन्हा अंगावर आली, या वेळी जास्त दाट. मिस्त्रीनं पलंगाच्या पेटीवर कान टेकला आणि झटकन मागे सरला.

"काहीतरी चरचरतंय आत."

"वाढणाऱ्या गोष्टींचा होतो तसा आवाज. उघड."

"तुम्ही उघडा, डॉक्टरीणबाई. मी पंपातला माणूस, भुताखेतांत माझं काय काम?" पण बोलता बोलताच त्यानं पहार फटीत घातली.

फळी कुरकुरली आणि निघाली. आत अंधार नव्हता. आत पांढरं होतं. पिशव्यांवर पिशव्या रचलेल्या, बागेतल्या वाळक्या देठांनी आणि भुशानं ठासून भरलेल्या, आणि पिशव्यांच्या प्रत्येक छिद्रातून अळंबी बाहेर आली होती. पांढरीफटक, मांसल, एकावर एक, झुबक्यांनी. मिस्त्रीनं भिंतीची फळी काढली, तिथंही तेच. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळलेली, दाराकडून फळ्यांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाकडे. शेकडो कान दाराशी कुणाचं पाऊल वाजतंय का ते ऐकत असावेत तसे.

मिस्त्रीनं पहार खाली ठेवली. मग म्हणाला, "इथे मुरत होतं होय रे माझं पाणी."

"ही कुठली?"

"ही तर जाळून टाकायची होती. प्रयोग होता त्याचा. भुकटीनं गाळण्या तुंबतात म्हणून कार्यालयानं बंद केला. हुकूम आला तो वहिनींच्या हातून. त्यांनीच सांगितलं त्याला, सगळं जाळ. माळीबुवा हो म्हणाला. त्या दिवशी जेवला नाही. मी समजलो, जाळलं."

"त्याच्यानं झालं नसेल."

"कसं होईल? वाळकं पान तोडताना माफी मागायचा तो. मी नाही तर कोण मागणार, म्हणायचा."

मागे हालचाल झाली. फळ्यांचा आवाज ऐकून वैमानिक आली होती. ती उंबऱ्यावर उभी होती आणि त्या पांढऱ्या झुबक्यांकडे बघत होती.

"हा कोण?" तिनं विचारलं. समोर काय आहे ते दिसत असूनही तिनं 'काय' म्हटलं नाही.

७

डॉक्टरनं तिला बाहेर आणून मार्गिकेत भिंतीशी बसवलं, स्वतः समोर बसली आणि सांगू लागली. आजाऱ्याच्या घरच्यांना सांगतात तसं, सावकाश, काही न लपवता.

"अळंबी आपल्यासारखीच हवा घेतात आणि जड हवा सोडतात. झाडांसारखी नाहीत ती. त्यांनाही ऊब असते, ओल असते. तू जाळ म्हणालीस, त्याच्यानं जाळवेना. तू प्रमुख, तुला सांगितलं असतं तर तुला एक तर हुकूम मोडावा लागला असता, नाही तर त्याचं मन. म्हणून त्यानं लपवली, आणि तुला खोलीत येऊ देईना."

वैमानिकनं गुडघे जवळ घेतले.

"भुकटी बाहेर गेली की मिस्त्रीच्या गाळणीत दिसणार. म्हणून तो जाळीवर ओला टॉवेल टाकून ठेवायचा. हवा जड झाली की आत्या ओरडायची, तो जरा वेळ काढायचा, पुन्हा टाकायचा. दोघांचं असं छान चाललं होतं. त्याला खोकला लागला तो याच भुकटीचा. मी औषध दिलं, तो झोपला. आणि त्याच दिवशी अळंबी फुटली. ती फुटते तेव्हा एकदम फुटते. तिचा श्वास एका माणसाएवढा झाला. आत्यानं मोजलं: दोन."

"आणि दोघं असले की तिनं बोलायचं नाही," वैमानिक म्हणाली.

"हो."

"मी सांगितलं होतं."

"सगळ्यांनी मानलं होतं. तुझ्या जागी मीही तेच सांगितलं असतं."

वैमानिकनं वर पाहिलं, छताकडे, आवाज जिथून येतो तिकडे. "आत्या, हवा इतकी जड झाली, तरी गप्प राहिलीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, दोघं असले की एकमेकांना बघतात. एकाला जड झालं तर दुसरा दार उघडेल. मी वाट पाहत होते, दुसरा कधी उघडतो त्याची."

मिस्त्रीनं तोंडावरचं फडकं काढलं आणि त्यानंच डोळे पुसले.

"म्हणजे कोणी नव्हतं," वैमानिक म्हणाली. "मी काय काय मनात आणलं. तुझ्यावर घेतलं, याच्यावर घेतलं. शेवटी शेवटी तर म्हटलं, असू दे कोणी, कोणी का असेना, जवळ होतं ना. आणि कोणीच नव्हतं."

डॉक्टरनं तिचा हात धरला.

ठरल्या वेळी कार्यालयाचा संपर्क आला. डॉक्टरनं सगळं सांगितलं. साहेब ऐकून घेत होते. मग वैमानिक बोलली, "यंत्रणा पुसायची नाही. तिला सांगितलं ते तिनं ऐकलं. सांगण्यात चूक झाली. ती चूक मी दुरुस्त करते, आणि तसं माझ्या नावानं लिहून घ्या." साहेब काही म्हणणार होते, तिनं संपर्क तोडला.

तिथून ती सरळ माळ्याच्या खोलीकडे गेली. डॉक्टर मागोमाग होती.

"मला आत बसायचंय थोडा वेळ. दार लावून."

"नको."

"जाळी मोकळी आहे, हवा खेळतेय. तू इथेच दाराशी थांब." आणि मग, जरा थांबून, "थांबशील ना?"

दार लागलं. कडी सरकली. डॉक्टरनं दाराला पाठ लावली. आत पलंगाची फळी कुरकुरली. वैमानिक त्या पांढऱ्या गर्दीशेजारी बसली असणार. मग तिचा आवाज आला.

"आत्या."

उत्तर नाही. आत दोघं होते, आत्याच्या मोजणीनं.

"आत्या, यापुढे दोघं असोत, दहा असोत, हवा जड झाली की बोलायचं. कोण काय म्हणेल ते बघायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"आता सांग. तो एकटा आहे हे तुला तेव्हा कळलं असतं, तर काय केलं असतंस?"

"उठवलं असतं."

"कसं?"

"करून दाखवू?"

"दाखव."

दाराच्या फटीतून प्रखर उजेड बाहेर सांडला. आणि डॉक्टरनं आजवर न ऐकलेला आवाज तळभर घुमला; टोकणारा नाही, मऊ नाही, धावत आलेल्या माणसाचा असतो तसा.

"माळीबुवा, उठा! हवा जड झालीय. जाळीवरचा टॉवेल काढा. उठा, माळीबुवा. ऐकू येतंय ना? मी सगळ्यांना बोलावलंय, सगळे येताहेत. तुम्ही फक्त दारापर्यंत या. उठा. डोळे उघडा. उठा ना, बाबा. दार उघडा."

पंपाच्या दालनातून मिस्त्रीची धावती पावलं जवळ येऊ लागली. आत्या थांबत नव्हती. तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं, आणखी काकुळतीनं. भिंती थरथरू लागल्या. डॉक्टरनं दोन्ही हातांनी दार ठोठावायला सुरुवात केली. मिस्त्री येऊन पोचला आणि काही न विचारता तोही ठोठावू लागला. तिघं मिळून हाका मारत होते, आत्या वरून, ते दोघं बाहेरून. उठ, दार उघड, उठ.

आतून कडी निघाली, आणि दार उघडलं.